सुरगाठ, निरगाठ

पाचव्या दिवशी सकाळी मी एका पोराची वळकटी बांधून दिली आणि पुढच्या पोरीकडं वळले. दोन-चार पावलं गेले असेन. काहीतरी विचारायचं म्हणून मागं बघितलं, तर त्यानं ती सोडली होती. माझी सुरगाठ, एका ओढीत सुटणारी. सुतळीचं मोकळं टोक धरून त्यानं ती सोडवली होती, चादर अर्धी उलगडली होती, आणि तो तिच्यावर गुडघा रोवून पुन्हा गुंडाळायला बसला होता. घोंगडीचं टोक बाहेर, उशी एका अंगाला घसरलेली. सुतळीचे दोन वेढे, मग गाठ, तिच्यावर गाठ, तिच्यावर आणखी एक. तिन्ही निरगाठी. जीभ दातांत धरलेली. मी बघतेय हे त्याला कळू नये म्हणून मी पटकन खिडकीकडं तोंड केलं. बाहेर घंटा झाली, पोरं पळाली, त्यांच्यामागं तोही पळाला. वळकटी भिंतीशी राहिली, एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला करकचून आवळलेली.

एवढंच झालं. शिबिर संपून तीन आठवडे होऊन गेले, आमच्या इकडच्या शाळा सुरूही झाल्या, पण ती वळकटी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या सकाळी मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं, हे आधी सांगते. चार दिवस रोज मी त्याचं अंथरूण गोळा करत होते. तो सगळ्यात लहान, नऊ वर्षांचा, आणि सगळ्यात लांबून, मुडलगीहून आलेला. मी मनातल्या मनात त्याला माझ्याकडं घेतला होता. आपण प्रेमानं केलेली गोष्ट कुणी आपल्या मागं निमूटपणे मोडतं, तेव्हा जे वाटतं ते वाटलं. कौतुक नंतर आलं, नाष्ट्याच्या रांगेत, उप्पिटाचं पातेलं ढवळताना. आणि त्याच्याही नंतर, दुपारी पोरं झोपलेली असताना, एक फार जुनी गोष्ट आठवली. तिच्याकडं मी येतेच.

आमच्या शिबिराला मेच्या पहिल्या पंधरवड्याशिवाय दुसरी तारीख मिळत नाही. इकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या, शाळा एप्रिलच्या दहाच्या आसपास सुटतात आणि मे संपता संपता पुन्हा उघडतात. सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजच्या पोरांच्या परीक्षाच एप्रिलभर चालतात, त्यांना सुट्टी उशिरा लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत पुरते. दोन्हीकडची पोरं एका छताखाली आणायची तर हेच दहा-बारा दिवस. काजूच्या बोंडांचा वास उतरणीला लागलेला, करवंदं काळी पडायला लागलेली, आणि रोज दुपारी तीननंतर जांबोटीच्या बाजूनं आभाळ भरून येणार. खानापूरच्या पुढं एका गावची शाळा आम्हाला दहा दिवसांसाठी मिळते. बाकं भिंतीला लावून वर्गांत सतरंज्या अंथरायच्या, मुलांचे तीन वर्ग, मुलींचे दोन. पोरं पहिल्या दिवशी एकमेकांची नावं लक्षात ठेवत नाहीत, गावं ठेवतात. ए निपाणी, ए नंदगड, ए सौंदत्ती. कुणाला हाक मारायची तर गावाच्या नावानं, आणि दहा दिवस तेच चालतं. मीही त्यांना गावांच्याच नावानं ओळखते. घरी गेल्यावर कुणाची खरी नावं आठवायला मला वही काढावी लागते.

पहिल्या रात्री मुडलगी रडला. पहिल्या रात्री कुणीतरी रडतंच, त्याची आम्हाला सवय आहे. दिवे घालवल्यावर साधारण अर्ध्या तासानं सुरू होतं, आधी नाक ओढल्याचा आवाज, मग पांघरुणाखालचा हुंदका. मी बॅटरी घेऊन वर्गाशी पोचेपर्यंत दारात चंदगड उभा होता, बारा वर्षांचा, उंचाडा, चड्डीवर बाबांचा शर्ट घातलेला. म्हणाला, “बाई, ह्यो रडालाय. तेला तेची मनी पायजे म्हणे.” कुठली मनी? “मांजर वो. मनी, मनी करालाय.” मी जवळ जाऊन ऐकलं. तो म्हणत होता, “मनीगे होगबेकु.” मला घरी जायचंय. आमच्या भागातल्या कानडीत घराला मनी म्हणतात. चंदगडला कानडीचा गंध नाही, त्याला मांजरच ऐकू आलं, आणि खरं तर त्यात त्याचं काय चुकलं? मी मुडलगीला थोपटत, माझ्या मोडक्या कानडीत अळबेड, अळबेड म्हणत बसले. चंदगडला अर्थ सांगायचा माझ्याकडून राहून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरामागं फिरणारं एक पिवळं मांजर चंदगडच्या काखेत होतं. हातावर तीन लांब ओरखडे उठलेले. ते मांजर त्यानं नेऊन मुडलगीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, “घे. मनी.” मुडलगीनं मांजराकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, काही कळलं नाही. मांजर तर लगेच उडी मारून गेलंच. पण थोड्या वेळानं मुडलगीनं उशीतून करदंटाचा पुडा काढला. खाऊ पहिल्याच दिवशी सामायिक डब्यात जमा करायचा नियम आहे, तो त्यानं उशीच्या खोळीत लपवला होता. त्यातला एक तुकडा चंदगडला दिला, डिंक आणि खोबरं दातांत चिकटेल असा मोठा. मी दाराआड उभी होते. नियम आठवला होता. आत गेले नाही.

त्यानंतर ते दोघं बरोबर दिसायला लागले. बोलत काय होते कोण जाणे. ताटं घासायच्या दगडापाशी शेजारी, लगोरीत एका बाजूला, लेझमीच्या रांगेत पुढंमागं. साडेपाचला घंटा, मग नळावर रांग, सूर्यनमस्कार, उप्पीट नाहीतर पोहे, दोन तास खेळ, दुपारी भाकरी-आमटी आणि भात, एक तास सक्तीची झोप, चारला गोष्ट किंवा हस्तकला, वळीव आला तर सगळं मोडून व्हरांड्यात बसणं. दिवस असा जातो. दिवसाच्या या सांगाड्यात सांगण्यासारखं काही नाही, दुसऱ्या कुठल्याही शिबिरात हेच असतं. पोरं वाढतात ती याच्या फटींतून. नळावरच्या रांगेत आपल्या पुढं घुसलेल्याला काय म्हणायचं, ताट घासून दाखवल्यावर परत पाठवलं तर तोंड कसं ठेवायचं, पावसानं कपडे भिजले आणि आई नाही, तर ते पिळून कुठं टाकायचे.

संध्याकाळी पालकांच्या गटावर फोटो टाकायचं काम माझ्याकडं. दहा मिनिटांत निरोप यायला लागतात. आमचा शेवटच्या रांगेत का? तोंड सुकलंय का तिचं? डोक्याला तेल नाही लागलं काय? मला त्यांचा राग येत नाही. माझी मुलगी पहिल्यांदा बाहेरगावी राहिली, तेव्हा तिच्या मैत्रिणीनं पाठवलेला एक फोटो मी दोन बोटांनी ताणून ताणून बघितला होता, डोळ्यांखाली काळं आलंय का म्हणून. पण फोटोत वळकटी येत नाही. पाचव्या दिवशी मी मुडलगीच्या वडिलांना लेझीम खेळतानाचा फोटो पाठवला. त्यांनी नमस्काराचे हात पाठवले.

नदीवर नेतो तो दिवस मात्र वेगळा. मेमध्ये मलप्रभेला वाहतं पाणी जवळजवळ नसतं. खडक उघडे पडलेले, मधे मधे डोह राहिलेले, कडेच्या जांभळींची सावली पडली की पाणी काळं दिसतं. पोरं पाण्यात हात बुडवून बसली होती. कुणीतरी विचारलं, ही नदी कुठनं येते? मी कणकुंबीचं सांगितलं, याच तालुक्यातलं, घाटमाथ्यावरचं. आणि जाते कुठं? पूर्वेला, कृष्णेला, कूडलसंगमला. मग राहवेना म्हणून म्हादईचंही सांगितलं. तीही याच तालुक्यातल्या जंगलात उगवते, पण ती पश्चिमेला उतरते, गोव्यात जाऊन मांडवी होते. एकाच तालुक्यातल्या दोघीजणी, एक बंगालच्या उपसागराकडं, एक अरबी समुद्राकडं. पोरं ऐकत होती, पण सौंदत्ती एकदम उठून उभी राहिली. तिच्या गावाजवळ मलप्रभेवर धरण आहे, नविलुतीर्थाचं. “म्हणजे हे पाणी आमच्यात येतं?” येतं की. “आमच्या नळाला?” मी हो म्हटलं. ती दोन दिवस जेवणावर रुसलेली, कुणाशी न बोलणारी पोरगी. तिनं पळसाचं पान घेतलं, त्याच्या दोन्ही कडा काड्यांनी टोचून होडी केली आणि पाण्यात सोडली. पान डोहात गोल गोल फिरत राहिलं. खानापूरचा एक मोठा मुलगा म्हणाला, “आत्ता नाही जायचं गं ते. मिरगाचा पाऊस पडू दे, मग बघ कसं सुटतंय.” ती म्हणाली, “असू दे. थांबेल.” त्या रात्री तिनं भात मागून घेतला.

त्याच डोहात पोहायला शिकवणारे काका साठीच्या पुढचे. पोराच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधतात, धोतराच्या जुन्या पट्टीनं. छातीवर पट्टी फिरवून, डब्याच्या कानातून काढून, पुन्हा पुढं आणून गाठ. तिला तीनदा हिसका देऊन बघतात. पाचव्या दिवशीच्या त्या वळकटीनंतर मी त्यांच्या हातांकडं जरा जास्तच बघत होते. एका पोरानं स्वतः बांधायला म्हणून पट्टी घेतली तर काकांनी त्याच्या हातातून काढून घेतली. “हिला तुम्ही हात लावायचा नाही. ही गाठ माझी.” आवाज चढला नव्हता, पण त्यापुढं बोलायला जागा नव्हती. संध्याकाळी चहा पिताना मी त्यांना विचारलं, मग डबा सोडता कधी? म्हणाले, “सोडत नाही मी. लहान करत नेतो. आज मोठा, परवा त्याच्या निम्मा, मग एक बाटली. शेवटी बाटली निसटली तरी पोराला पत्ता लागत नाही.” मला ते ऐकून हायसं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. चार दिवस मी त्या पोराची वळकटी बांधली होती, ती एकाच मापाची. त्यात निम्मी करत नेण्यासारखं मला काही सुचलं नव्हतं.

आता ती जुनी गोष्ट.

मी दहा वर्षांची असताना अशाच एका शिबिराला गेले होते. तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते आणि एकदाही माझे मी विंचरले नव्हते. रोज सकाळी आई मला पाटावर बसवायची, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, वर दुमडून फुलासारखी गाठ. शिबिरात पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी केसांचं शिप्तर झालं, तिसऱ्या दिवशी मी आमच्या ताईंकडं फणी घेऊन गेले. त्या म्हणाल्या, एकदा दाखवते, पुढचं तुझं तू. तीन पेड कसे धरायचे ते त्यांनी दाखवलं आणि उठून गेल्या. मी नळामागच्या भिंतीशी बसून दुपारभर तेच केलं. हात भरून आले, मान आखडली, पेड सुटायचे, मागचं दिसायचं नाही. भांग बोटानं पाडला होता, नागमोडी. पण सहाव्या दिवशी वेणी टिकली. दिवसभर खेळूनही टिकली. खेळताना मी मधेच हात मागं नेऊन ती आहे का बघत होते. अजूनही ते बोटांना आठवतं, मानेवरचा तो खडबडीत, उंचसखल दोर, माझा मी वळलेला.

घरी आले. आई दारातच होती. “अगं, काय हा अवतार!” म्हणाली, हसली, जवळ घेतलं, आणि पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरली नसेल, तोवर मला पाटावर बसवलं. तेलाची वाटी आली. तिनं वेणी सोडली. तिच्या बोटांना दोन मिनिटंही लागली नसतील. मी रडायला लागले. “गुंता ओढला का गं?” तिनं विचारलं, आणि मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? दहा वर्षांच्या मुलीकडं त्यासाठी शब्द नसतात. तिनं फुंकर मारून, हळू हळू, किती मायेनं विंचरलं मला. दोन वेण्या, सरळ भांग, लाल रिबिनी. आरशात मी छान दिसत होते आणि ते मला आवडलंही होतं. म्हणूनच ते इतकी वर्षं असं अर्धवट राहिलं असणार. आईवर रागवायला काही कारणच नव्हतं.

मुडलगीच्या वळकटीनं ते वर काढलं. या वेळी तेलाची वाटी माझ्या हातात होती.

सहाव्या दिवसापासून मी त्याच्या अंथरुणापाशी गेले नाही. सोपं नव्हतं. माझ्याच्यानं वेडंवाकडं काही बघवत नाही, हात शिवशिवतात. एकदा तर वळकटी इतकी सैल झाली होती की मी वाकलेच, तेव्हा तो घाईनं म्हणाला, “ननग बरतैती.” मला येतंय. दहा दिवसांत तो माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. रात्री त्याच निरगाठी त्याला सुटायच्या नाहीत. मग तो आणि चंदगड वळकटीच्या दोन बाजूंना बसून दातांनी, नखांनी, एकदा तर चमच्याच्या टोकानं त्या सोडवत बसायचे. बाकीची पोरं झोपली तरी त्यांचं चालू. सुरगाठ दाखवावी असं दहादा मनात आलं. शेवटी आठव्या दिवशी मी माझीच पिशवी त्यांच्यासमोर बसून सुरगाठीनं बांधली, सोडली, पुन्हा बांधली, आणि काही न बोलता उठले. त्यांनी बघितलं का, मला माहीत नाही.

नवव्या दिवशी हलशीला सहल गेली. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे आहेत, एकमेकांकडं तोंड करून. कदंब राजांचं देऊळ, बाराव्या शतकातलं. पोरं मधल्या मंडपात उभी राहून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती. बाहेरची कानडी पाटी मुडलगीनं मोठ्यानं वाचली, एक एक अक्षर सोडवत, आणि चंदगड त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. मग म्हणाला, “हे ‘ल’ आमच्यागत नाही, पण जरा जरा हाय.” दिवसभरात मला देवळापेक्षा ते दोघं जास्त दिसले.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम होतो. लेझीम, गाणं, आणि मी शिबिरात काय शिकलो यावर प्रत्येक गटातल्या एकाचं दोन मिनिटं भाषण. तो भाषणांचा भाग मला पटत नाही आणि मी ते दरवर्षी बैठकीत बोलते. पोरं उभी राहिली की आधी खुर्च्यांकडं बघतात, तिथं कुठलं वाक्य हवंय ते शोधतात, आणि तेच देतात. स्वावलंबन, शिस्त, निसर्गप्रेम. टाळ्या पडतात. जे खरं घडलं त्याला त्या वयात नाव नसतं, आणि नाव नसलेली गोष्ट माईकवर कशी सांगणार? मुडलगी भाषणाला नव्हता. तो कडेला चंदगडजवळ बसून बुटाची नाडी सोडत होता, बांधत होता.

दुपारी गाड्या लागल्या. त्याचे वडील आले होते, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, उन्हानं रापलेला माणूस. पोराला बघून त्यांना बोलवेना, नुसता त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी वळकटी उचलली. चादरीचं टोक लोंबत होतं, उशी कुठल्याही क्षणी बाहेर येईल अशी. त्यांनी ती पुन्हा खाली ठेवली, उकिडवे बसले आणि गाठीला हात घातला. मी व्हरांड्याच्या पायरीवर होते, पाच-सहा हातांवर. माझा श्वास अडकला. पुढं होऊन त्यांना काहीतरी सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार होते मी, आणि कुठल्या तोंडानं? पोरानं वडिलांच्या मनगटावर हात ठेवला. “इरली अप्पा.” असू दे. ते थांबले. पोराकडं बघितलं, वळकटीकडं बघितलं. मग तशीच उचलून खांद्यावर घेतली आणि चालायला लागले. चादरीचं टोक त्यांच्या पाठीवर हलत राहिलं, गाडीच्या दारापर्यंत.

संध्याकाळी वर्ग झाडताना मुलांच्या खिडकीच्या गजाला एक सुतळीचा तुकडा लोंबताना सापडला. जेमतेम हातभर. त्याला वरून खालपर्यंत गाठी होत्या, एकाला एक लागून. मी मोजल्या, चौदा. वरच्या सगळ्या निरगाठी, मळून काळ्या झालेल्या. सगळ्यात खाली एक होती ती वेगळी दिसत होती, म्हणून टोक धरून हलकेच ओढलं. ती सुटली. मी ती पुन्हा मारून ठेवली आणि तुकडा गजावरच राहू दिला.

परवा आईकडं गेले होते. पाऊस लागला होता, आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मी तिला वळकटीचं सांगितलं, आणि मग, इतक्या वर्षांनी, वेणीचंही. तिला काही आठवेना. “शिबिराला गेली होतीस खरी तू,” म्हणाली. “वेणीचं काही आठवत नाही बाई. आणि सोडली असेल मी, मग काय तश्शी शेजारीपाजारी हिंडू देणार होते?” मी काही बोलले नाही. ती बराच वेळ खडे वेचत राहिली. चष्मा कपाळावर सरकवला, सूप बाजूला केलं.

“लोकर होती तिला बांधलेली,” ती म्हणाली. “हिरवी. रिबीन नव्हती. सुटता सुटेना. शेवटी कात्रीनं कापली मी.”